सात साड्यांचा काठ

निरवांगी, ता. इंदापूर
१४ जून २०२५

प्रिय करिमास,

पत्र लिहिण्यास कारण की, असं शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं. सातवीनंतर बाकी सगळं विसरले, एवढं तेवढं राहिलं. हे पत्र दिग्विजय दुधाच्या टेम्पोतून आणून देईल. तो दुसऱ्याचं पाकीट उघडणाऱ्यांतला नाही, त्याला स्वतःचं लाइटबिलसुद्धा बायको वाचून दाखवते. फोन करावा तर तो तुझी सून शबीना उचलते, आणि जैतूनचं नाव घरात काढायचं नाही हे तुझंच सांगणं. शिवाय मला हल्ली फोनवरचं निम्मंच ऐकू येतं, आणि नेमकं नको ते निम्मं.

आता मुद्द्याचं सांगते. नीरेनं काठ खाल्लाय. मागच्या साली जैतूनच्या जागेपासून नदी वीस पावलांवर होती. परवा मी मोजली तर सात पावलं भरली. वरून धरणाचं पाणी सोडतात तेव्हा काठ पडत नाही बरं का, पाणी उतरताना पडतो. भिजून जड झालेली माती पाण्याच्या टेकूवर उभी असते, टेकू गेला की बसकण मारते. माझ्या शेताची कडेची लिंबं अशीच गेली.

तिच्या कबरीवरचा सब्जा मात्र चांगला फुटलाय. डहाळी ठेवलीय पाकिटात. तू ती जागा कधी पाहिली नाहीस, म्हणून दर पत्रात पाठवते. चव्वेचाळीस वर्षं झाली, पण मला अजून तो दिवस दिसतो. बायकांनी कबरस्तानात जायचं नाही म्हणून तुझे अब्बा, राजमहंमद चाचा, एकटेच ते अकरा दिवसांचं लेकरू कापडात घेऊन निघाले, आणि तू बाळंतिणीच्या खाटेवर माझा हात धरून बसलीस. दंडावर तुझ्या नखांचे वण कितीतरी दिवस होते. तेव्हाच मी तुला म्हटलं होतं, माझं शेत तिथं लागून आहे, मी बघीन. म्हणून आता कळवते. ही पोर माझ्या डोळ्यांदेखत जाऊ नये.

काही सुचतं का बघ.

तुझी,
विजयमाला

•

जळोची, बारामती
२० जून २०२५

माले,

सलाम. डहाळी मिळाली. वास अजून आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग मशीनवर जाऊन बसले, कारण मला दुसरीकडं बसून विचार करता येत नाही. तुला माहीत आहे, अयान शेततळ्यात अंथरायचे प्लास्टिकचे कागद जोडून देतो, आणि वळणाचे, कोपऱ्याचे जोड अजून मीच मारते. तीस वर्षं पाणी आत धरायचा कागद जोडला. पाणी बाहेर थोपवायचा कधी जोडला नाही.

गेल्या वर्षी शेती प्रदर्शनात एक गोष्ट पाहिली होती. कुठल्याशा परदेशात समुद्राकाठी असं करतात, असा तो माणूस सांगत होता. जाड कापडाची लांब नळी असते. रिकामी असताना गुंडाळून दोघांनी उचलावी इतकी हलकी. काठावर पसरायची आणि पंप लावून तिच्यात पाणी भरायचं. भरली की ती बांधासारखी पडून राहते. पाण्यानंच पाणी अडवायचं. मी तिथं उभी राहून शिलाई कुठं आहे तेवढं पाहून घेतलं. त्या माणसाला वाटलं म्हातारी चित्रं बघतेय.

मी तशी करीन. आमच्याकडं लोखंड नाही, सिमेंट नाही, कागद आणि कापड आहे. एकच नळी असली तर पाण्याच्या रेट्यानं गडगडत जाईल, म्हणून दोन नळ्या एका खोळीत घालीन. आणि नदीच्या बाजूला एक रुंद पट्टा लोंबता ठेवीन, तो काठावरून खाली सोडायचा म्हणजे पाणी मातीला चावणार नाही. त्याला मी पदर म्हणते.

तू मला काठाची लांबी मोजून कळव. तुमच्या वस्तीच्या वरच्या कोपऱ्यापासून मोज, जैतूनच्या पलीकडच्या बाभळीपर्यंत. तुमची पाच घरं त्याच काठावर आहेत. ती सोडून फक्त माझं राखायचं, हे मला जमणार नाही.

घरात मी सांगितलंय की निरवांगीच्या मैत्रिणीला बांधासाठी हवंय. खोटं नाही ते. माझ्या सासूनं बजावलं होतं, गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकरांसमोर काढायचं नाही, नजर लागते. सासू गेली, अयानचे अब्बा गेले, अयानचे केस पांढरे झाले. पण एकदा दाबलेली गोष्ट काढायची कशी ते कळत नाही.

करिमा

•

निरवांगी
२९ जून २०२५

प्रिय करिमा,

काठ मोजला. गावात टेप एकाच्याच घरी, आणि तो दे म्हटलं की आधी कशाला, मग कुणाला, मग किती, असा पंचनामा करतो. म्हणून मी आणि म्हाळसानं माझ्या साडीनंच मोजला. म्हाळसा म्हणजे शेजारच्या घरातली, मागं तुला ओव्याचं लोणचं पाठवलं होतं ती. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. टोकाला खुंटी मारायची, की पुढं. म्हाळसा म्हणते, "काठाला साडी नेसवतीस व्हय गं?" मी म्हटलं, नेसवते, उघडा पडलाय बिचारा.

वरच्या कोपऱ्यापासून बाभळीपर्यंत बरोबर सात साड्या भरल्या. पहिल्या चारांत आमची पाच घरं येतात, उरलेल्या तिनांत कबरस्तानाची बाजू.

मध्यंतरी एक साहेब आले होते. दगडी भिंत मंजूर आहे म्हणाले. फोटो काढले. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. नदीला सांगून ठेवते म्हटलं.

लवकर कर, करिमा. जैतूनपासून आता सहा पावलं उरलीत.

विजयमाला

•

जळोची
१६ जुलै २०२५

माले,

दिग्विजयच्या टेम्पोत नळी चढवली. सात पाचे पस्तीस वार आहे, इंचही कमी नाही. जोड मी दुहेरी मारलेत. शबीना म्हणाली, अम्मी, इतका जोर कुठल्या गिऱ्हाइकासाठी लावत नाही तुम्ही. मी पुढचा जोड मशीनखाली घेतला.

आता नीट वाच आणि म्हाळसालाही वाचून दाखव. गुंडाळी वस्तीच्या कोपऱ्याला ठेवायची आणि खालच्या अंगाला उलगडत जायची. खाली काटा, खडा, बाभळीची फांदी राहू द्यायची नाही. पदर नदीकडं टाकायचा, त्याच्या खिशांत दगड भरायचे. मग दोन्ही तोंडांना पंपाचा पाइप लावून नदीचंच पाणी भरायचं. रिकामी असते तोवर चार बायका हलवतील. एकदा भरली की कुणाच्या बापाला हलणार नाही. म्हणून भरायच्या आधी जागा नीट बघून घ्या.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. शेवटचा जोड मारताना मला वाटलं, मी तिच्यासाठी हे पहिलंच काही शिवतेय. झबलं शिवायला घेतलं होतं तेव्हा, बाह्या राहिल्या होत्या. तसंच ठेवून दिलं मी.

करिमा

•

निरवांगी
२ ऑगस्ट २०२५

प्रिय करिमा,

उशीर झाला पत्राला. वरून पाणी सोडलं, चार दिवस वीज नव्हती, टॉवर बंद, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. आता सगळं उतरलंय. आम्ही सगळे सुखरूप आहोत.

तुझी नळी जिथं टाकली तिथून तिनं ओंजळभर पाणी आत येऊ दिलं नाही. लोक बघायला आले. पलीकडच्या वस्तीत भिंती पडल्या, आमची एक पडली नाही. म्हाळसानं नळीला हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, मुसलमानाची आहे गं ती. ती म्हणाली, "आसूंदे, बाईनंच शिवलीया नव्हं?"

पाण्यात वाहत आलेलं एक खोड घासून गेलं, त्यानं वरच्या बाजूला हातभर जोड उकललाय. नळी सुकवून तुझ्याकडं पाठवते, दिग्विजयला वेळ मिळेल तशी. धोंडे-बिंडे लागून अजून फाटू नये म्हणून गुंडाळून देते.

सब्जा जगला. डहाळी सोबत आहे.

जास्त काही लिहीत नाही. हात दुखतो.

विजयमाला

•

जळोची
२१ ऑगस्ट २०२५

विजयमाला,

नळी काल आली. तू ती तुझ्या साडीत गुंडाळून पाठवलीस, हिरवी, बारीक चौकड्यांची. धुऊन ठेवावी म्हणून मी ती सोडली आणि घडी घालायला टेबलावर पसरली.

माझ्या कामाच्या टेबलावर वारांच्या खुणा आहेत. टेबल पाच वारांचं. ते संपलं तरी साडी संपेना. उरलेली मी पुन्हा पसरली, मग सगळी परत एकदा मोजून पाहिली. नऊ वार.

सात नव्वे त्रेसष्ट. मी पस्तीस शिवले.

मग मी तुझं दोन ऑगस्टचं पत्र काढून परत वाचलं. त्यात खोटं वाक्य एकही नाही. जिथं टाकली तिथं पाणी आलं नाही. घरं वाचली. सब्जा जगला. इतकं जपून तू आयुष्यात कधी लिहिलं नाहीस. आणि विनोद एकच, तोही म्हाळसाचा.

पहिल्या चार साड्यांत घरं, उरलेल्या तिनांत कबरस्तान, असं तूच लिहिलंस. पस्तीस वार म्हणजे तुझ्या चार साड्याही पुऱ्या होत नाहीत.

उरलेला अठ्ठावीस वार काठ कशानं राखला, माले?

करिमा

•

निरवांगी
२७ ऑगस्ट २०२५

करिमा,

कशानं नाही राखला.

सांगते. तीन आठवडे सांगायचं टाळलं, आता सगळं सांगते.

त्या दिवशी वीज आणि टॉवर पहाटेपासूनच बंद होते. सकाळी दहाच्या सुमाराला दवंडी आली की वरून मोठं पाणी येतंय, दुपारपर्यंत पोचेल. आम्ही बायकांनी नळी काढली. तू सांगितलंस तशी कोपऱ्याला ठेवली, काटेकुटे वेचले आणि उलगडत निघालो. पाचवं घर ओलांडलं, तशी ती संपली. मला वाटलं आत दुमडलीय, मी हात घालून पाहिलं. म्हाळसानं पाहिलं. कबरस्तानाच्या कुंपणापर्यंतसुद्धा ती पोचत नव्हती.

अजून पाणी भरलं नव्हतं. चौघींनी धरून ओढली असती तर खाली सरकली असती. जैतूनपासून बाभळीपर्यंत सगळं झाकलं असतं आणि वर दोन घरंही आली असती. म्हाळसानं मला विचारलं, "माले, खाली सरकवायची का? तुजी हाय नळी, तू म्हनशील तसं."

मी बघितलं. वरची तीन घरं उघडी पडणार होती. त्यातलं दुसरं माझं.

हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. माझं घर त्यात नसतं तर मी छाती ठोकून म्हटलं असतं की जित्या माणसांचं आधी बघितलं. पण माझं होतं. माझी जनावरं होती, दाणे होते, यांचा भिंतीवरचा फोटो होता. मी तुझ्या लेकीचा विचार आधी केला की माझ्या घराचा, हे मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "हितंच ऱ्हाऊ द्या." आणि डिझेलवरचा पंप चालू केला.

मग घमेलं घेऊन खाली पळाले. सब्जा मुळासकट, मातीसकट काढला. जेवढी माती मावली तेवढी घेतली. कबरीचा दगड उचलायला गेले, तो मला एकटीला हलला नाही. पाणी त्या रात्रभर होतं, तेव्हा काठ तसाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं आणि मी ओट्यावरून बघत असताना बाभळीसकट तो सगळा तुकडा बसला. आवाजही मोठा झाला नाही. बाकीच्या कबरी मागं आहेत, त्या राहिल्या. पुढची एकच होती, लहान.

कुणी मला बोललं नाही. तुमच्यातले म्हातारे चाचा येऊन काठावर उभे राहिले, दुवा मागितली आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सब्जा माझ्या दारात तेलाच्या डब्यात लावलाय. तुला पाठवलेली डहाळी त्याची.

साडी नऊवारीच असते गं माझी. मला वाटलंच नाही की ते सांगावं लागतं. मी तुला म्हटलं होतं मी बघीन, आणि मी बघत राहिले. तू मला काहीही बोल. पण बोल.

माला

•

जळोची
६ सप्टेंबर २०२५

माले,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. पहिले दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही. मला राग आला होता. कुणाचा ते नीट कळेना. तुझा आला, नदीचा आला, त्या भिंतीवाल्या साहेबाचा आला. शेवटी राहिला तो माझा.

माझी आई मरेपर्यंत नऊवारी नेसली. मी तुझ्याबरोबर नीरेवर धुणं धुवायचे तेव्हा आपण दोघी दोन टोकं धरून तीच पिळायचो, आणि मधे ती जमिनीला लागली म्हणून मार खायचो. लग्न करून मी बारामतीत आले, इथल्या बायकांसारखी नेसायला लागले, आणि साडी म्हटलं की पाच वार एवढंच माझ्या डोक्यात उरलं. तू बरोबर मोजलंस. मी माझ्या आईची साडी विसरले. चूक तिथं झाली, पंपाजवळ नाही.

तू मला विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते. सकाळी एक उत्तर येतं आणि दुपारी दुसरं. तेव्हा टॉवर बंद होता हे बरं झालं. मला ते बोलावं लागलं नाही, तुला बोलावं लागलं. ते तू माझ्या वतीनं बोललीस असं मी धरते. तू पण तसंच धर.

त्या जागेवर मी आता पाणी सोडलं, माले. गावाकडं हक्क सोडायचा तर असंच म्हणतात ना आपण. लिहिताना हात थांबला, पण दुसरा शब्द मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी नळीचा उकललेला जोड बसवला, आणि मग अठ्ठावीस वार नवा कागद कापायला घेतला. मागं राहिलेल्या कबरींतही कुणाच्या तरी लेकी आहेत. त्यात अब्बा आहेत, आई आहे. शबीना म्हणाली, अम्मी, पुन्हा तिथंच? कोण आहे तिथं तुमचं? मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं, "माझी थोरली हाय तितं. जैतून." अयान समोर जोड मारत होता. मारलेल्या जोडावरच त्यानं पुन्हा एकदा पट्टी फिरवली. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, मला आपा होती तर ती आता केवढी असती. मी सांगितलं, चव्वेचाळीस. घरात कुणाला नजर लागली नाही.

आता नवी नळी टेम्पोत देणार नाही, मी घेऊन येते. येत्या मंगळवारी अयान सोडेल. तुझी साडीही आणते. ह्या वेळी काठ आपण दोघी मोजू, एक टोक मी धरीन.

आणि डबा तसाच राहू दे तुझ्या दारात. माती हलवू नको. एक डहाळी तेवढी तोडून ठेव, मी नदीत सोडीन.

चव्वेचाळीस वर्षं मी तिच्याजवळ गेले नाही, कारण कबरस्तानात बायका जात नाहीत. पण आता ती नदीत आहे, माले, आणि नदीवर तर बायकाच जातात. लहानपणी आपण जिथं धुणं आपटायचो तो दगड अजून असला तर मला तिथं घेऊन चल. नसला तर कुठंही बसू.

तुझी,
करिमा